ऑक्सिमीटरचे सेल

पुणे, २ एप्रिल २०२२. गुढीपाडवा, रात्रीचे साडेदहा.

आजपासून राज्यातले करोनाचे सगळे निर्बंध उठले. मास्कसुद्धा ऐच्छिक. सकाळी झेंडूचा हार आणायला खाली उतरले, तर फुलवाल्या मावशींचा अख्खा चेहरा दिसला. त्यांच्या पुढच्या दातांत फट आहे हे मी विसरूनच गेले होते. मी मात्र मास्क लावूनच गेले होते. असू दे, सुटेल हळूहळू.

वर्षभर लिहायचं टाळलं, ते आज लिहून टाकते.

गेल्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला होता. त्याच आठवड्यात बाबांना ताप भरला. एका रुग्णालयाने फोनवर बेड आहे म्हणून सांगितलं, पण आम्ही रिक्षाने पोचेपर्यंत तो दुसऱ्या कुणाला देऊन झाला होता. दारातूनच परत फिरलो. डॉक्टर फोनवर म्हणाले, पालथं झोपवा, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला की लगेच कळवा. मी लेकाच्या गणिताच्या वहीत रकाने आखले. वेळ, ऑक्सिजन, नाडी, ताप. दर दोन तासांनी नोंद. तिसऱ्या रात्री बाबांची बोटं इतकी गार पडली की यंत्रावर आकडाच येईना. मी त्यांचा हात माझ्या तळव्यांत धरून चोळत बसले. त्या इवल्याशा पडद्यावर नुसत्या लाल रेघा पळत होत्या. मग आकडा आला, ९१. वहीत तो लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं, ते भोक अजून त्या पानावर आहे. पहाटे ऑक्सिजनचा बेड मिळाला आणि नऊ दिवसांनी बाबा घरी आले.

ते तिकडे असतानाच काका, माझ्या मावशीचे यजमान, गेले. मावशीचं घर आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर, पण आमचं घर बाधित, आणि तिचंही. काकांना पोचवायला घरचं कुणी नव्हतं. आपल्याकडे कुणी गेलं की त्या घरी चूल पेटत नाही, शेजारीपाजारी पिठलं-भात आणून देतात, बायका येऊन नुसत्या शेजारी बसतात. यातलं काहीच झालं नाही. मावशीशी मी व्हिडिओ कॉलवर बोलले. तिचं रडणं मध्ये मध्ये अडकत होतं, नेटवर्कमुळे. मी रडलेच नाही. मला बाबांच्या इंजेक्शनसाठी फोन करायचे होते.

सगळे म्हणायचे, किती खंबीर आहेस गं तू. हा शब्द आता मला नको वाटतो. तो ऐकला की मन मोकळं करायची सोयच राहायची नाही.

जूनमध्ये सगळं सुरळीत झालं. बाबा गॅलरीत पेपर वाचायला लागले. आणि मग माझं सुरू झालं. रात्री तीनला छातीत धडधडून जाग यायची. लांबून अ‍ॅम्ब्युलन्सचा आवाज आला की हातातलं काम तसंच राहायचं. मी स्वतःचंच बोट त्या यंत्रात घालायला लागले. आधी झोपताना, मग मीटिंगच्या मध्ये, मग कणीक मळतानाही हात धुऊन. एके दिवशी लेकाने मोजलं. "आई, सत्तावीस वेळा." तो चेष्टा करत नव्हता, घाबरला होता.

फॅमिली डॉक्टरांनी तपासून सांगितलं, फुप्फुसं ठणठणीत आहेत, मनाच्या डॉक्टरांकडे जा. आधी राग आला, मला काय वेड लागलंय का, असं. जायला तीन आठवडे लावले, त्याचं फार वाईट वाटतं. समुपदेशक ताईंनी मला जे समजावलं ते कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं. संकट चालू असताना शरीर पहाऱ्यावर उभं असतं आणि संकट टळलं तरी त्याला ते लगेच कळत नाही. बोट घातलं, ९८ दिसलं, की क्षणभर हुश्श वाटतं. ते हुश्श वाटणंच पुढच्या वेळी पुन्हा बोट घालायला लावतं. म्हणून उपाय असा, की ऊर्मी आली की दहा मिनिटं थांबायचं, भीती शून्य ते दहात किती आहे ते लिहायचं, आणि मग हवं तर बघायचं. पहिल्या दिवशी ती दहा मिनिटं मी ओटा घट्ट धरून काढली. वही तीच, बाबांच्या आकड्यांपुढे माझे. ९, ९, ८, ९. पुढे पुढे ६, ४. थांबायची वेळ अर्ध्या तासावर गेली. गणपतीपर्यंत दिवसाला दोनदा, दिवाळीपर्यंत नाहीच. शेजारच्या वहिनींना गोळ्याही घ्याव्या लागल्या आणि त्यांना गुण आला. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

गेल्याच महिन्यात बातमी वाचली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, साथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्य २५ टक्क्यांनी वाढलं, आणि तरुणांना अन् बायकांना झळ जास्त बसली. मी ते वाक्य दोनदा वाचलं. म्हणजे त्या रात्री तीन वाजता कितीतरी घरांत दिवा लागलेला होता.

आज मावशीला जेवायला बोलावलं. तिच्याकडे काकांचं वर्ष व्हायचंय अजून, म्हणून गुढी नव्हती. श्रीखंड वाढताना ती म्हणाली, "हे फार आवडायचं गं त्यांना." आणि माझा बांध फुटला, पूर्ण एक वर्ष उशिराने. पातेलं खाली ठेवून आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच रडलो. बाबा दारात आले, काही बोलले नाहीत, पंखा तेवढा मोठा करून गेले.

दुपारी टीव्हीचा रिमोट चालेना. सेल संपले होते. लेकाने वरच्या कपाटातून ऑक्सिमीटर काढला, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, काढ त्यातले.

साडेसहाला मावशीनेच आठवण केली, ऊन गेलं, गुढी उतरवायची ना? साखरेची गाठी तिने लेकाच्या गळ्यात घातली.