डोंबिवली ते बीकेसी: ऑफिस जवळ आलं, प्रवास नाही

फोर्टातलं ऑफिस बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, हलणार असं कळलं की डोंबिवलीकराचा पहिला हिशोब अंतराचा असतो. डोंबिवली ते सीएसएमटी ४८ किलोमीटर, कुर्ल्यापर्यंत जेमतेम ३३. म्हणजे पंधरा किलोमीटर वाचले. कागदावर हे बरोबर आहे. प्रत्यक्षात वेळ जवळपास तेवढाच लागतो आणि संध्याकाळची बसायची जागा जाते. सीएसएमटीला रिकामी गाडी लागायची, कुर्ल्याला भरलेली येते. शिवाय फोर्टात स्टेशनापासून ऑफिसपर्यंत चालत जाता यायचं, इथे शेवटचे साडेतीन-चार किलोमीटर रस्त्याच्या मर्जीवर. त्यामुळे नवा मार्ग ठरवताना ‘सकाळी लवकर कसं पोहोचू’ यापेक्षा ‘संध्याकाळी परत कसा येऊ’ हा प्रश्न आधी सोडवावा.

मार्ग मुख्यतः तीन. पहिला कुर्ल्याचा. फास्ट लोकलने डोंबिवली ते कुर्ला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, पश्चिमेला बाहेर पडायला दहा, आणि मग बस किंवा शेअर रिक्षा. नेमकी इथेच गणितं चुकतात. रस्ता मोकळा असेल तर पंधरा मिनिटांत बीकेसी, नसेल तर पस्तीसही लागतात. नकाशावरचं अंतर बघून कुणी ‘चालत जाऊ’ म्हणतं. जाता येतं, पण पाऊण तास धरा आणि मे महिन्यात हा विचार सोडा.

कुर्ला पश्चिम ते वांद्रे पूर्व ही बेस्टची ३१० क्रमांकाची बस बीकेसीमधूनच जाते. ९ मे २०२५ पासून बेस्टचं पहिल्या पाच किलोमीटरचं भाडं साध्या बसला १० रुपये आणि एसीला १२ रुपये आहे, तेव्हा पैशाच्या बाबतीत बसला तोड नाही. अडचण रांगेची. दोन गाड्या एकदम येतात, मग बराच वेळ काहीच नाही. लोकलमधून उतरण्याआधीच चलो अॅपवर बस कुठे आहे ते बघून घ्यावं. गाडी दूर असेल तर पूल उतरून थेट रिक्षाच्या रांगेकडे वळता येतं. बसचा थांबा नेमका कुठे आहे तेही पहिल्या दिवशी विचारून घ्या. डिसेंबर २०२४ मधल्या बर्वे मार्गावरच्या बेस्ट बसच्या अपघातानंतर स्टेशनाबाहेरच्या बस थांब्यांत बदल झाले, त्यामुळे जुन्या सहकाऱ्याने दिलेली खूण कदाचित लागणार नाही.

शेअर रिक्षात बसण्याआधी ब्लॉक सांगा. नुसतं ‘बीकेसी’ म्हटलं की रिक्षा तिच्या ठरलेल्या नाक्यावर सोडते, आणि बीकेसी हा काही एक चौक नव्हे. एमएमआरडीएचं कार्यालय ई ब्लॉकमध्ये, हिरे बाजार आणि एनएसई हा शेअर बाजार जी ब्लॉकमध्ये. चुकीच्या नाक्यावर उतरलात तर रुंद रस्ते आणि लांबलचक कंपाउंडच्या भिंतींमुळे साधी चूकही दहा-पंधरा मिनिटांची होते. ऑफिसच्या पत्त्यातला ब्लॉक पाठ करा आणि शेजारची एखादी मोठी इमारत लक्षात ठेवा. रिक्षावाल्यांना प्लॉट नंबर नाही, इमारत कळते. पाऊस लागला की शेअरचे दर आपोआप बदलतात आणि मीटरने यायला कुणी तयार होत नाही. मीटरचं किमान भाडं २६ रुपये आहे हे ठाऊक असलं म्हणजे निदान मागितलेला आकडा किती फुगवलाय ते कळतं.

आता कुर्ल्याला उतरण्याबद्दल, कारण सीएसएमटीच्या सवयीच्या माणसाला हे येत नाही. शेवटच्या स्टेशनावर उतरताना घाई नसते, सगळा डबा रिकामा होतो. कुर्ल्याला तसं नाही. ठाणं सुटलं की दाराकडची फळी तयार व्हायला लागते: पुढे घाटकोपरवाले, त्यांच्यामागे कुर्लावाले, मग दादरवाले. या क्रमात आपली जागा ठाण्यानंतर लगेच पकडायची. पुढच्याला ‘कुर्ला?’ एवढंच विचारायचं. ‘दादर’ असं उत्तर आलं तर जागा बदलून घ्यायची. सहसा कुणी नाही म्हणत नाही, कारण मागून ढकलले जाण्यापेक्षा ते बरं. घाटकोपरला दार मोकळं होतं असं वाटतं तेवढ्यात फलाटावरचा लोंढा आत शिरतो आणि दाराच्या मधोमध उभा असलेला माणूस पुन्हा आत ढकलला जातो. म्हणून मधल्या दांड्याजवळ न थांबता एका बाजूच्या पार्टिशनला पाठ लावून उभं राहावं. घाटकोपर ते कुर्ला चार-पाच मिनिटं. तेवढ्यात आतून दारापर्यंत येणं होत नाही. ज्यांनी घाटकोपरनंतर हालचाल सुरू केली ते शीव (सायन) स्टेशनही बघतात आणि दादरला उतरतात.

सॅक पुढे घ्या, हेडफोनची वायर आत, चष्मा खिशात. डब्यात रस्सा नको. उभा डबा आडवा होतो आणि वरण लॅपटॉपच्या कप्प्यापर्यंत जातं. सुकी भाजी-पोळी, किंवा झाकणाला रबर असलेला घट्ट डबा. आणि दारात लटकायचं नाही, गाडी कितीही उशिराची असो. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ गाडीतून पडून जे प्रवासी गेले, ते असेच दारात उभे होते. गर्दीच्या वेळी पुढची गाडी काही मिनिटांतच असते.

१२ डब्यांची गाडी की १५ डब्यांची, हे इंडिकेटरवर बघायची सवय लावा. १५ डब्यांच्या गाडीत रोजचा डबा फलाटावर वेगळ्या जागी येतो आणि तुमचा कुर्ल्याचा जिना पन्नास पावलं दूर जातो. कुर्ल्याला जिन्यावर जो वेळ जातो तो गाडीत वाचवलेल्या वेळाइतकाच असतो, म्हणून योग्य डबा शोधायला पहिला आठवडा द्यावा. एकदा तो सापडला की फलाटावर त्याच खांबाशी उभं राहायचं.

दुसरा मार्ग मेट्रोचा. घाटकोपरला उतरून पश्चिमेच्या मेट्रो स्टेशनाकडे, तिथून मेट्रो १ ने चौथं स्टेशन मरोळ नाका, आणि तिथून खाली उतरून मेट्रो ३ ने सहावं स्टेशन बीकेसी. नकाशावर हा मोठा वळसा दिसतो, आणि आहेच. डोंबिवलीपासून ऑफिसच्या दारापर्यंत दीड तासाच्या आसपास धरा. पण यातली प्रत्येक मिनिट मोजता येते, हा त्याचा गुण. कुर्ल्याच्या मार्गाने कधी ७५, कधी ११० मिनिटं लागतात. मेट्रोने रोज साधारण तेवढीच. साडेनऊची बायोमेट्रिक हजेरी असलेल्यांना सरासरीपेक्षा हा ठामपणा उपयोगाचा. तोटे तीन: घाटकोपरला मेट्रो १ ची सकाळची गर्दी लोकलपेक्षा फार वेगळी नसते, कारण गाडी चारच डब्यांची. दोन्ही मेट्रोंच्या संस्था वेगळ्या, त्यामुळे भाडीही वेगळी. आणि भूमिगत स्टेशनात मोबाइलच्या रेंजवर भरवसा ठेवू नये. क्यूआर तिकीट वरच काढून स्क्रीनशॉट घ्यावा. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या मुंबई वन अॅपमध्ये लोकल, दोन्ही मेट्रो आणि बेस्ट अशी तिकिटं एकाच जागी काढता येतात. पाळीपाळीने चार अॅप उघडण्यापेक्षा सोपं. बीकेसी स्टेशनातून बाहेर पडताना प्रवेशद्वाराचा क्रमांक असलेली पाटी वाचा. चुकीच्या दाराने वर आलात तर रुंद रस्ता ओलांडायला सिग्नल शोधत फिरावं लागतं.

तिसरा वांद्र्याचा: दादरला पश्चिम रेल्वेवर बदलून वांद्रे, पूर्वेला बाहेर, मग बस-रिक्षा. दादरच्या फलाटांचे क्रमांक डिसेंबर २०२३ मध्ये बदलले, मध्य रेल्वेचे आता ८ ते १४ आहेत, तेव्हा जुन्या आठवणीवर जाऊ नका. ऑफिस कलानगरच्या बाजूला, ई ब्लॉकमध्ये असेल तरच हा मार्ग विचारात घ्यावा. बाकीच्यांनी वाटेला जाऊ नये.

संध्याकाळ ही खरी परीक्षा. सहा ते आठच्या दरम्यान कुर्ल्याला कल्याण-डोंबिवली फास्ट पकडणं म्हणजे दारात पाय ठेवायला जागा मिळवणं. बसायची आशा ठाण्यानंतरच. इथे मेट्रो ३ कामाला येते. ९ ऑक्टोबर २०२५ पासून ती कफ परेडपर्यंत धावते, म्हणून बीकेसीहून थेट सीएसएमटीला जाता येतं, अर्ध्या तासाच्या आसपास. तिथे रिकामी लागणारी डोंबिवली-कल्याण गाडी पकडा आणि बसून घरी या. वेळ अर्ध्या-पाऊण तासाने वाढतो आणि मेट्रोचं भाडं वेगळं. रोज परवडणार नाही, पण पाठदुखी असलेल्यांनी, गरोदर बायकांनी, आणि रात्री घरी आणखी काम करायचं असलेल्यांनी आठवड्यातून दोन-तीनदा हा हिशोब करून पाहावा. मधला मार्ग दादरचा: बीकेसीहून मेट्रोने तिसरं स्टेशन दादर. मात्र मेट्रोचं दादर रेल्वेला लागून नाही, पश्चिमेच्या बाजारातून दहा-बारा मिनिटं चालावं लागतं. दादरहून सुटणाऱ्या गाडीत जागा मिळू शकते, सीएसएमटीहून आलेल्या गाडीत मिळणार नाही. कुर्ल्याहून उलटं दादरला जाऊन बसून येणारेही पुष्कळ आहेत. पास दादरपर्यंतचा हवा, नाहीतर टीसी सोडणार नाही.

त्यामुळे पासाचं असं करा. डोंबिवली ते सीएसएमटीचा जुना पास शिल्लक असेल तर तो संपेपर्यंत वापरा, कुर्ला, घाटकोपर, दादर सगळं त्यात येतं. रद्द करायच्या भानगडीत पडू नका. नवा काढताना सीएसएमटीपर्यंत आणि कुर्ल्यापर्यंत अशा दोन्ही रकमा खिडकीवर विचारा. फरक थोडा असेल तर लांबचाच घ्या, संध्याकाळची मोकळीक त्यातूनच मिळते. आणि पहिले दोन महिने तिमाही नको, मासिकच. मार्ग बदलण्याची शक्यता दाट.

जून ते सप्टेंबर वेगळा विचार. कुर्ला-शीव पट्ट्यात रुळांवर पाणी येतं आणि बीकेसी तर मिठी नदीच्या काठावरच आहे. जोराच्या पावसाच्या दिवशी कुर्ल्याचा रस्ता विसरून घाटकोपरची मेट्रो धरा. मेट्रो भूमिगत आहे म्हणून तीही अभेद्य समजू नका: २६ मे २०२५ ला आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरलं आणि वरळीच्या पुढची सेवा थांबवावी लागली होती. ऑफिसात चपलांचा एक जोड आणि सुके मोजे ठेवा. शीवचा जुना रेल्वेवरचा पूल १ ऑगस्ट २०२४ पासून वाहनांना बंद केला गेला, तेव्हापासून भोवतालच्या रस्त्यांवर ताण वाढला. ‘पाऊस आहे, कॅब करू’ म्हणताना हे आठवावं.

चाचणी फेरी कामाच्या दिवशीच करा, शक्यतो मंगळवारी किंवा बुधवारी, नेहमीच्या वेळेला. रविवारी मेगाब्लॉक असतो आणि बीकेसी रिकामं असतं, त्या दिवशीचा कोणताही आकडा खोटा. घरच्या दारापासून ऑफिसच्या लिफ्टपर्यंत वेळ लिहा, गाडीतला वेगळा आणि रांगेतला वेगळा. कुर्ला तीन दिवस, घाटकोपर तीन दिवस. लिफ्टच्या रांगेचे पाच-सात मिनिटंही त्यात धरा, बीकेसीच्या उंच इमारतींत सव्वानऊला ती रांग लॉबीच्या बाहेर येते.