तुम्ही विचारलंत म्हणून: आधी लॅपटॉप उघडा

"कॉम्प्युटर आतून कसा चालतो ते शिकायचंय. कुठली लँग्वेज आधी घेऊ?" इंजिनिअरिंगची मुलं भेटली की हमखास विचारतात. लँग्वेज राहू द्या. एक जुना लॅपटॉप उघडा.

मी तशीच शिकले. बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून वाय-फायचं कार्ड आणलं, बसवलं, बटण दाबलं. काळ्या स्क्रीनवर एकच ओळ आली: हे कार्ड चालणार नाही, काढा. लिनक्स अजून सुरूही झालं नव्हतं. कार्ड चांगलं, लॅपटॉप माझ्या पैशांचा. मग नको म्हणणारं कोण?

बायोस. मदरबोर्डवर आठ पायांची, नखाएवढी फ्लॅश चिप होती. करंट मिळाला की प्रोसेसर सगळ्यात आधी तिच्यातला कोड चालवतो, तोच बायोस. विंडोज, लिनक्स मागाहून येतात. मी चिपला क्लिप लावली आणि प्रोग्रामर नावाच्या चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या छोट्या यंत्राने आतलं सगळं वाचून घेतलं. दोनदा वाचलं, फाइली जुळेनात. क्लिप हलत होती. मग बोटाने दाबून धरली, पुन्हा दोनदा वाचलं, तेव्हा बाइट न् बाइट जुळली. फाइल उलगडली तर आत चालणाऱ्या कार्डांचे नंबर ओळीने लिहिलेले. माझ्या कार्डाचा त्यात नव्हता.

त्या रात्री मला झोप आली नाही. विकत घेतलेल्या वस्तूत दुसऱ्याने लिहून ठेवलेली यादी, आणि मला तिचा पत्ताच नाही!

बायोसच्याही खाली आणखी एक थर आहे. इंटेलच्या चिपसेटमध्ये मॅनेजमेंट इंजिन नावाचा वेगळा छोटा प्रोसेसर असतो. लॅपटॉप बंद असला तरी तो जागा राहू शकतो, आणि इंटेलची डिजिटल सही नसलेला कोड तो घेत नाही. त्यावर मिनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालते, हे २०१७ साली जगभर गाजलं. मिनिक्स अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ साली लिहिली, ती विद्यार्थ्यांना ऑपरेटिंग सिस्टिम शिकवायला. तीच आज अशा जागी बसली आहे, जिथे विद्यार्थ्याला हात लावता येत नाही. मला हे फार लागतं.

म्हणून बर्कलीत २०१० साली सुरू झालेलं, कुणालाही वापरायला मोकळं असलेलं रिस्क-फाइव्ह (प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांचा संच) आणि त्यावर बेतलेला आयआयटी मद्रासचा शक्ती प्रोसेसर, हे जरूर वाचा. पण वाचन नंतर. रोजच्या वापरातला लॅपटॉप घेऊ नका, बॅटरी आधी काढा, आणि दोन फाइली जुळेपर्यंत चिपवर एक अक्षरही लिहू नका.