कॉर्निल्याला उतरलेले काका

वेर्नाझा स्टेशनचा फलाट बोगद्यात शिरतो. गाव डोंगराच्या घळीत वसलेलं, त्यामुळे दोन बोगद्यांच्या मध्ये उघडी जागा थोडीच. लांब गाडी आली की काही डबे उन्हात थांबतात आणि काही काळोखात. दार आपोआप उघडत नाही, बटण दाबावं लागतं. काळोखातल्या डब्यातल्या नवख्या माणसाला वाटतं की सिग्नल नाही म्हणून गाडी मध्येच उभी आहे. तो बसून राहतो आणि गाडी सुटते.

मी टूर मॅनेजर आहे. वेर्नाझा हे इटलीच्या किनाऱ्यावरच्या चिंक्वे तेर्रेतलं एक गाव. तिथल्या पाचही गावांत मोठ्या बसला वाव नाही, म्हणून बस जवळच्या ला स्पेझिया शहरात सोडायची, आगगाडीने थेट मॉन्तेरोसो गाठायचं आणि परतताना वेर्नाझा, मानारोला करायचं. "मधल्या डब्यांत चढा" हे मी बसमध्ये बजावतो, फलाटावर पुन्हा सांगतो. पण जूनमधल्या मॉन्तेरोसोच्या गर्दीत माणूस समोर येईल त्या दारात शिरतो. "पाच गावं एका दिवसात" असं जाहिरातीत लिहिणाऱ्यांनी एकदा त्या फलाटावर छत्तीस माणसं घेऊन उभं राहून बघावं.

वेर्नाझाला माणसं मोजायची तर खाली चौकात आणावी लागतात, फलाटावर ते शक्यच नसतं. चौकात दोन कमी भरली. काका-काकू, दोघंही सत्तरीच्या पुढचे. काका मध्य रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झालेले. बहुतेक नोकरी मनमाड-भुसावळ पट्ट्यातल्या लहान स्टेशनांवर. फोन लावला तर बंद. रोमिंगच्या बिलाच्या धास्तीने निम्मा ग्रुप फोन विमान मोडवर ठेवतो. एक ताई म्हणाल्या, "ते मागच्या डब्यात होते, मी पाहिलं."

ऑफिसचा नियम स्पष्ट आहे: टूर मॅनेजरने ग्रुप सोडायचा नाही. दोघांसाठी चौतीस जणांना थांबवायचं की चौतीस जणांसाठी त्या दोघांना वाऱ्यावर सोडायचं? काकूंना मधुमेह. पुढचं स्टेशन कॉर्निल्या, पण ते तिथे उतरले असतील याची खात्री नव्हती. मानारोला, रिओमाज्जोरे, थेट ला स्पेझियासुद्धा शक्य होतं. स्थानिक गाइडबाईंना म्हटलं, यांना बंदरावरच बसवून ठेवा. आणि मी पुढची गाडी पकडली. हंगामात वीसेक मिनिटांनी गाडी असते. खरी भीती वेगळीच होती. मी तिकडे जाताना ते परतीच्या गाडीत बसले तर बोगद्यात आम्ही एकमेकांना ओलांडणार, आणि आत फोनला रेंज नाही.

कॉर्निल्या स्टेशनात स्वतःहून कुणी फारसं रेंगाळत नाही. पाचांपैकी हे एकच गाव पाण्याला लागून नाही. ते कड्यावर, समुद्रापासून साधारण शंभर मीटर उंचीवर आहे आणि स्टेशन खाली किनाऱ्यालगत. वर जायला लार्दारिना नावाचा विटांचा जिना, ३३ टप्पे, ३८२ पायऱ्या. नाहीतर छोटी बस. इथे बोटही लागत नाही. १८७४ मध्ये हा लोहमार्ग सुरू झाला, त्याआधी या गावांना होड्या आणि खेचरांच्या वाटा एवढाच आधार होता. बराचसा मार्ग डोंगर पोखरून काढलेला. पुढे दुहेरी रुळांसाठी नवे बोगदे खणले, जुने काही ओस पडले. इथल्याच एका जुन्या बोगद्यातून लोक गुवानो नावाच्या किनाऱ्यावर चालत जायचे. इतक्या कष्टाने बांधलेल्या या स्टेशनात आज तिकिटाचं यंत्र आहे, गाड्यांचा फलक आहे, भुयारी मार्ग आहे, राष्ट्रीय उद्यानाची माहिती-खिडकी आहे. रेल्वेचा माणूस मात्र नाही. सिग्नल दूरच्या नियंत्रण केंद्रातून चालतात.

मी उतरलो तर दोघं समोरच्या बाकावर. काकूंच्या मांडीवर खाकऱ्याचं पाकीट. माझे पाय थरथरत होते आणि काका घड्याळ बघत होते.

"परत जायच्या गाड्या होत्या, काका."

"होत्या की. एक गोरी मुलगी सांगत होती, भुयारातून पलीकडे जा, गाडी मिळेल. मी नाही म्हटलं. तू आमच्यासाठी निघणार हे नक्की. दोघंही हलले तर चुकामूक. तुझ्याकडून लाइन क्लिअर मिळाला नव्हता, मी गाडी कशी सोडणार?"

पुढच्या स्टेशनने 'या' म्हटल्याशिवाय मागच्याने गाडी सोडायची नाही, हा नियम त्यांनी आयुष्यभर पाळला होता. उतरले त्याच फलाटावर ते बसले, कारण वेर्नाझाहून येणारा तिथेच उतरणार. इटलीत मोटारी उजवीकडून आणि आगगाड्या आपल्यासारख्या डावीकडून धावतात, हे त्यांनी सकाळीच हेरलं होतं.

पण ते अस्वस्थ होते. "मास्तरांची खोली शोधली. नाहीच. मग चुकलेल्या प्रवाशाने सांगायचं कुणाला?" उद्यानाच्या खिडकीतल्या बाईंनी काकूंना पाणी दिलं होतं, पण रेल्वे हे त्यांचं काम नव्हे. आमच्याकडची लहान स्टेशनं कितीही कळकट असोत, हिरवा झेंडा घेऊन बाहेर येणारा एक माणूस तिथे असतो. काकांनी ते काम केलं होतं, म्हणून त्यांना ती उणीव माझ्याआधी दिसली. एक न थांबणारी गाडी धडधडत गेली तेव्हा ते उठून उभे राहिले आणि शेवटचा डबा जाईपर्यंत बसले नाहीत.

वेर्नाझाला परतलो तोवर मानारोलाचा वेळ अर्ध्यावर आला होता. काहींनी अभिप्रायाच्या फॉर्मवर लिहिलं, "टूर मॅनेजर ग्रुप सोडून गेला." ते खरंच आहे. ऑफिसने लेखी खुलासा मागितला, मी दिला. त्यातच लिहिलं की तीसच्या वर माणसं असतील तर या दिवसापुरता दुसरा माणूस द्या, नाहीतर वेर्नाझा बोटीने करा, बोट तिथे लागते. बोटीचं तिकीट वेगळं पडतं, असं तोंडी उत्तर आलं. पुन्हा दोन माणसं कमी भरली तर मी पुन्हा जाईन, हेही त्या खुलाशात आहे.