क्लाटेनची ईद आणि बटिकची गुढी

मार्च 2025 ला मामेभावाकडे, म्हणजे दादाकडे, इंडोनेशियात जावा बेटावरच्या जोग्जाला गेलो होतो (नकाशावर योग्यकर्ता, पण तिथे सगळे जोग्जाच म्हणतात). वहिनी जावानीज आहेत, माहेर जवळच्या क्लाटेनचं. बोरोबुदुर, प्रम्बानन ही जुनी मंदिरं सगळी बघितली, सुंदरच आहे, पण त्याचे फोटो कुठेही मिळतील. मला सांगायचंय ते ईदच्या आधीच्या आणि ईदच्या दिवसाबद्दल, कारण माझे सगळ्यात आवडते फोटो घरात, सतरंजीवर बसून काढलेले आहेत.

योग असा की 29 मार्चला बालीत न्येपी होती, म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, त्या दिवशी सगळं बेट बंद, घराबाहेर पडायचं नाही, दिवे लावायचे नाहीत, विमानतळसुद्धा 24 तास बंद. बालीत शके 1947 सुरू झालं आणि दुसऱ्या दिवशी आपला पाडवा, आपलंही शके 1947! मी तर कॅलेंडर दोनदा बघितलं. त्याच 29 ला संध्याकाळी दादाकडे सगळे टीव्हीसमोर, चंद्र दिसला की नाही हे सरकार जाहीर करतं ते ऐकायला, आणि ठरलं की ईद 31 ला.

मग 30 ला सकाळी दादाने अंगणात गुढी उभारली. बांबू शेजाऱ्यांचा, तांब्या घरचा, आंब्याचे डहाळे समोरच्या झाडाचे आणि रेशमी कापडाच्या जागी वहिनींचं तपकिरी बटिक, बारीक नक्षीचं, उन्हात इतकं छान दिसत होतं की मी फोटो काढतच बसलो. शेजारच्या काकू येऊन बघून गेल्या, मग पोरांना घेऊन परत आल्या. सूर्यास्ताला गुढी उतरवतोय तोच मशिदीतला मोठा ढोल, त्याला बेदुग म्हणतात, वाजायला लागला आणि रात्रभर थांबला नाही.

रात्रीच क्लाटेनला निघालो. जोग्जा ते सोलो या शहरांमध्ये 2021 पासून लोकल धावते, क्लाटेन वाटेवरच, 8 हजार रुपिया तिकीट म्हणजे आपले 40-45 रुपये. डब्यात जकार्ताहून आलेली माणसं, खोक्यांना सुतळी बांधलेली, मांडीवर झोपलेली पोरं. ईदला गावी जायचं याला तिथे मुदिक म्हणतात आणि त्यासाठी अख्खा देश रस्त्यावर येतो. नोकरदारांना ईदच्या किमान 7 दिवस आधी बोनस द्यावाच लागतो, तो कायदाच आहे, त्यामुळे गावी जाताना प्रत्येकाच्या हातात काहीतरी असतंच.

सकाळी मैदानातला नमाज झाला आणि सगळे घरी आले. वहिनींची आजी, सगळे तिला म्बाह म्हणतात, खुर्चीत बसली आणि समोर रांग लागली, वयाने मोठा आधी. एकेक जण गुडघ्यावर बसून तिचा हात धरतो, डोकं तिच्या मांडीपर्यंत खाली नेतो आणि वर्षभरात काही चुकलं असेल त्याची माफी मागतो. मोठे मामा, ट्रक चालवतात, पन्नाशी उलटलेली, त्यांना बोलताच येईना, नुसते हुंदके. म्बाहचा हात त्यांच्या डोक्यावर, बोटांच्या शिरा वर आलेल्या, आणि नेमका तिथे छपरातून उजेड पडलेला. तिकडच्या जुन्या घरांत कौलांमध्ये एखादं काचेचं कौल बसवतात, फ्लॅश कशाला लागतोय मग! वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, भाऊजी काढा फोटो, आम्हाला हवाय. शेवटी मीही वाकून नमस्कार केला, म्बाहने दोन्ही हातांनी चेहरा कुरवाळला.

नंतर जेवण, नारळाच्या पानांच्या विणलेल्या पुडीत शिजवलेला भात म्हणजे केतुपात, सोबत नारळाच्या दुधातलं चिकन. मग घरोघरी फिरणं. प्रत्येक टेबलावर काचेच्या बरण्या, अननसाचा गर भरलेली नास्तार बिस्किटं, आणि खोंग गुआनचा लाल डबा. त्यात बिस्किटं असतील असं वाटतं पण निघतात तांदळाच्या रेंगिनांग, अगदी आपल्या कुरडईसारख्या, उन्हात वाळवून तळलेल्या. पोरं रांगेत, कारण प्रत्येक घरी कोऱ्या नोटांचं पाकीट मिळतं. शेजारचं एक कुटुंब ख्रिश्चन, तेही भेटायला आले, आणि नाताळला हे त्यांच्याकडे जातात. मला हे फार आवडलं, खरंच फार.

दुपारी ग्रुप फोटो. सगळ्यांचे कपडे एकाच रंगाचे, त्या वर्षी हिरवा ठरला होता, माझ्यासाठीही हिरवा शर्ट शिवून ठेवलेला. म्बाह मधोमध, तान्हं बाळ तिच्या मांडीवर. क्लाटेनमध्येच प्रिंट काढून फ्रेम करून दिला, आता तो दिवाणखान्यात मागच्या वर्षांच्या फोटोंच्या ओळीत टांगलाय.

कोणी ईदच्या सुमारास जावाला जाणार असाल तर ट्रेनचं तिकीट महिना-दीड महिना आधी काढा, नंतर मिळत नाही. शाकाहारी असाल तर यजमानांना आधीच सांगा, भाजीतसुद्धा सुकी कोळंबी असते, पण गोडसर शिजवलेलं तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) आणि तोफू (सोयाबीनचं पनीर) आनंदाने करून देतात. आणि कॅमेऱ्याची जास्तीची बॅटरी न्या, एका घरून निघालं की पुढच्या घरचे आमचाही एक काढा म्हणून दारातच उभे असतात.