वाढतत गो, तूच तोडतंस

"माझे केस वाढतच नाहीत," असं मी वेंगुर्ल्यात कितीतरी वर्षं सगळ्यांना सांगत होते. एकदा आजीने वेणीचं टोक चिमटीत धरलं. "वाढतत गो, तूच तोडतंस." बघितलं तर केसाकेसाला फाटे, जुन्या हिराच्या केरसुणीसारखे.

केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. तेवढाच खालून तुटला तर लांबी जिथल्या तिथे. आणि मी काय करायचे? न्हाऊन आल्या आल्या बारीक दातांची फणी! ओला केस नाजूक असतो, ओढला की तुटतो.

आता न्हाण्याच्या आदल्या रात्री घाण्याचं खोबरेल, टाळूपेक्षा टोकांना जास्त. ते केसाच्या आत मुरतं, त्यामुळे धुताना केसातली प्रथिनं कमी जातात. मग टॉवेलने खसाखसा पुसणं बंद, जुन्या सुती लुगड्याचा तुकडा गुंडाळायचा. जरा सुकले की मोठ्या दातांचा कंगवा, टोकाकडून वर वर.

जुलैत मात्र पंचाईत. दुपार झाली तरी केस ओलेच, आणि तसाच आंबाडा घातला की कुबट वास. मी सरळ पंख्याखाली बसते, कामं राहिली तर राहिली.

परवा आजीने वेणीत अबोलीचा वळेसर माळताना बोटांनी मोजलं. चार बोटं वाढ. "बघलंस?" एवढंच म्हणाली.