वेळणेश्वरसमोर पंख्यात दोर: शिडाच्या बोटीने मुंबईहून गोव्याला जाणाऱ्यांसाठी

"किनाऱ्याला धरून जा, दोन-तीन सागरी मैलांवरून. जाळी सगळी बाहेर असतात." निघायच्या आधी मुंबईत आम्हाला हे तीन जणांनी सांगितलं. तिघेही वर्षानुवर्षं शिडाच्या बोटी चालवणारे, म्हणून आम्ही विश्वास ठेवला. हा सल्ला साफ चुकीचा आहे. त्यापायी आमचे एकवीस हजार रुपये आणि दोन दिवस गेले, शिवाय एका माणसाचं जाळं फाटलं.

चूक कशी ते आधी सांगते. राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यानुसार किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात ट्रॉलरना, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या बोटींना, मनाई आहे. ते पाणी छोट्या होड्यांसाठी राखलेलं आहे आणि छोट्या होड्या मारतात ती मांडून ठेवलेली जाळी. म्हणजे ओढती जाळी बाहेर, मांडलेली आत. ट्रॉलर निदान डोळ्यांना दिसतो. मांडलेल्या जाळ्याची खूण म्हणजे बांबूला बांधलेलं एक फडकं, थर्माकोलचा तुकडा, नाहीतर तेलाचा रिकामा कॅन. आता कोणी विचारलं तर मी सांगते, दिवसा आठ-दहा मैल बाहेरून जा आणि मुक्कामाच्या बंदरासमोर आल्यावरच आत वळा.

बोट दादाची. ३१ फुटी, २० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन, पाण्याखाली बोट ढकलणारा तीन पात्यांचा न मिटणारा पंखा, तो फिरवणाऱ्या दांड्यावर, म्हणजे शाफ्टवर, दोर कापायची चकती नाही. माणसं तीन: दादा, त्याचा बावीस वर्षांचा मुलगा आणि मी. तुम्हाला पोहता येतं, नांगर नीट टाकता येतो आणि रात्री आळीपाळीने पहारा देता येतो असं धरूनच पुढचं लिहिते आहे. येत नसेल तर आधी शिका.

मुंबई ते मुरूड ठीक. खांदेरीच्या आसपास डोल जाळी (एका जागी बांधून ठेवलेली पिशवीसारखी जाळी) खूप, तेवढं सांभाळा. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मुरूडजवळच्या राजपुरीच्या खाडीतून निघालो, जयगड गाठायचं होतं. जानेवारी, पौर्णिमा तोंडावर. सकाळी मतलईवर, म्हणजे जमिनीवरून येणाऱ्या वाऱ्यावर, दुपारी हर्णैपासून वायव्येच्या खाऱ्या, म्हणजे समुद्रावरून येणाऱ्या, वाऱ्यावर बोट छान पळाली. सहाच्या सुमारास वेळणेश्वरसमोर वारा पडला. जयगड पाच-सहा मैल राहिलं होतं. पुढचं शीड गुंडाळलं, इंजिन चालू केलं.

उजवीकडे मावळता सूर्य, त्या बाजूचं पाणी नुसतं चकाकत होतं. बांबूवरचं काळं निशाण आम्हाला दिसलं, त्याला पन्नास मीटर सोडून बाहेरून वळसाही घातला. पण निशाणापासून एक निळा दोर सैल सुटून वाहत आला होता. कोळी सगळ्याच दोरांना नायलॉन म्हणतात, पण खरा नायलॉन बुडतो. हा तरंगणारा पॉलिप्रॉपिलीनचा होता, पाण्याच्या पातळीखाली चार बोटं. खालून धप्प आवाज आला, इंजिन कण्हलं आणि बंद पडलं.

इथे दादाने जे केलं ते तुम्ही करू नका. त्याने स्टार्टर मारला आणि मागचा गियर टाकला. दोर उलटा फिरवला की सुटेल, हे सगळ्यांच्या डोक्यात असतं. सुटत नाही. सुटं असलेलं दुसरं टोकही ओढलं जातं आणि आधीच्या वेढ्यांवर उलटे वेढे बसतात. त्यात घासून शाफ्ट तापतो. हा दोर १६० अंशांच्या आसपास वितळतो आणि पंखा व बेअरिंग यांच्यामध्ये दगडासारखा थिजतो. ते दहा सेकंद पुढे आम्हाला दोन भरती-ओहोट्यांना पुरले. इंजिन बंद पडलं की गियर न्यूट्रलला टाका, किल्ली काढून खिशात ठेवा. दोराचं टोक हाताला लागत असेल तर एकाने ते ओढायचं आणि दुसऱ्याने आत शाफ्ट हाताने उलटा फिरवायचा, एवढाच एक प्रयत्न करण्यासारखा आहे.

बोट आता पंख्यानेच जाळ्याला बांधली गेली होती, पिछाडी लाटांकडे. लाट जेमतेम एक मीटरची, पण प्रत्येक लाटेला पिछाडी वर जाऊन दाणकन आपटत होती. मी पाण्याखाली बघायचा मुखवटा चढवून उतरायला निघाले. दादा म्हणाला, "आत्ता नाही. डोकं फुटेल." त्याचं बरोबर होतं. चार-पाच टनांची बोट वरखाली होत असताना तिच्या पोटाखाली जायचं नाही, कितीही चांगलं पोहता येत असलं तरी.

मग पाव कापायची दातेरी सुरी बोटहुकाच्या, म्हणजे लांब दांड्याच्या आकड्याच्या, टोकाला टेपने घट्ट बांधली. साधी धारेची सुरी ओल्या दोरावरून घसरते, दातेरीच हवी. कापण्याआधी जाळ्याकडच्या भागाला आमचा एक दोर आणि पाच लिटरचा रिकामा कॅन बांधला, म्हणजे जाळं मालकाला सापडेल. बारा मिनिटांत दोर तुटला, बोट मोकळी झाली.

आता या सगळ्यात महत्त्वाचं. त्या क्षणी आमच्याखाली १५ मीटर पाणी होतं, नांगराला साठ मीटर साखळी आणि दोर होता, वारा पडलेला, वर चांदणं. नांगर टाकून, खिचडी खाऊन झोपायचं होतं. हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर खारा वारा संध्याकाळी मरतो, पहाटे जमिनीवरून मतलई येते आणि सकाळी सात ते दहा समुद्र परातीतल्या पाण्यासारखा असतो. किनाऱ्यापासून दोन मैलांवर तेव्हा पाणीही बरंच स्वच्छ असतं. पंखा मोकळा करायला याहून चांगली वेळ आणि जागा नाही. हे आम्हाला माहीत होतं. तरी अंधार पडताना इंजिन नाही म्हटल्यावर तिघांचाही धीर सुटला आणि समोरून आलेल्या मच्छीमार बोटीला आम्ही हात केला.

त्या बोटीने जयगडपर्यंत टोचन करायचे, म्हणजे दोराने ओढून न्यायचे, आठ हजार सांगितले. "ताई, डिझेल किती लागतं माहिताय ना?" मी हो म्हटलं. खाडीच्या तोंडाशी, कोळशाची मोठी जहाजं जातात त्या वाटेच्या कडेला, त्यांनी वेग कमी केला आणि आकडा बारा हजार झाला. पाच-सहा मैलांचे, दीड तासाचे बारा हजार. त्या जागी दोर सोडून देण्याची धमक माझ्यात नव्हती, मी दिले. याला मी लूटच म्हणते. कोणाकडून टोचन घ्यायचंच झालं तर रक्कम दोघातिघांसमोर मोठ्याने बोलून घ्या, अर्धी आधी द्या, अर्धी नांगर पडल्यावर. आणि दोर तुमचा वापरा, म्हणजे सोडायचा की नाही हे तुमच्या हातात राहतं. जीवाला धोका असेल तर भाव करत बसू नका: व्हीएचएफ रेडिओचा चॅनल १६, तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३.

खाडीत आल्यावर कळलं की आपण काम अवघड करून ठेवलं. उधाणाचे दिवस, शास्त्री नदीचं गढूळ पाणी, हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत. सकाळी नऊला एक पाणबुड्या आला तेव्हा भरती जोरात चढत होती. वीस मिनिटं खाली राहिला, निळ्या दोराचा भारा वर आणून टाकला, "झालं" म्हणाला आणि सात हजार घेऊन गेला. इंजिन चालू केलं तर बोट मुळापासून थरथरली.

अकराच्या सुमारास भरती भरून पाणी थांबलं तेव्हा मी उतरले. कंबरेला दोर, त्याचं टोक दादाच्या हातात, किल्ली माझ्या गळ्यात, हातात जाड मोजे. मोजे विसरू नका, बोटीच्या बुडाला चिकटलेल्या शिंपल्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. चाचपडत पंखा धरला. पंखा आणि बेअरिंग यांच्या फटीत बोटभर जाडीचं कडक प्लॅस्टिकचं कडं बसलं होतं. सुरीने ओरखडाही उठेना. हॅक्सॉचं नुसतं पातं, एका बाजूला कापड गुंडाळून, शाफ्टला समांतर चालवायचं, आडवं नाही, नाहीतर शाफ्टवर खाचा पडतात. एका दमात आठ-दहा घासे होतात. अर्ध्या तासात ओहोटी धरली आणि मला पायांनी बोटीला धरून राहणं जमेना, वर आले. संध्याकाळी पाचला ओहोटी संपल्यावर पुन्हा उतरले. वीसेक मिनिटांनी कडं दोन तुकड्यांत निघालं. वर येऊन मी डेकवर आडवी झाले आणि बराच वेळ तशीच पडून राहिले. भाचा चहा घेऊन आला, "आत्या, पंखा हाताने फिरतोय!" असं ओरडतच.

पंखा फिरला म्हणजे संपलं असं नाही. इंजिन झटक्याने थांबतं तेव्हा सगळा धक्का शाफ्टमधून आत जातो. इंजिनाचे पाय, कपलिंगचे (इंजिन आणि शाफ्ट यांच्या जोडाचे) बोल्ट आणि शाफ्ट जिथून बाहेर पडतो ती ग्लँड तपासा. आमचा एक बोल्ट सैल झाला होता आणि ग्लँडमधून मिनिटाला दहा-बारा थेंब येत होते. आवळली, थांबले. बोटीवर आत्ताच या वस्तू ठेवा: दातेरी सुरी, हॅक्सॉची सहा पाती, मुखवटा, पाण्यात जड न होणारं हेल्मेट, मोजे, बांबूला पक्का बांधलेला विळा. चकतीचा खर्च दादा आता करणार आहे. माझ्या मते या किनाऱ्यावर ती नसलेली बोट न्यायचीच नाही.

पुढे रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, गोवा. सगळे दिवस सुरेख गेले, सांगण्यासारखा त्रास कुठे झाला नाही.

जाळ्याच्या मालकाला जयगडहूनच निरोप धाडला होता. तो दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवरून आला. आमच्या कॅनमुळे जाळं सापडलं होतं, पण एक बाजू फाटली होती. आम्ही तीन हजार पुढे केले, त्याने मोजून दोन ठेवून घेतले. ते दोन हजार मला अजिबात टोचले नाहीत. आमचा नकाशा मागून घेऊन त्याने पेन्सिलीने पुढच्या गावांची जाळी कुठवर असतात ते दाखवलं. निशाणांची पद्धत दर गावाला वेगळी, म्हणाला, आदल्या संध्याकाळी बंदरावर विचारल्याशिवाय निघू नका. आणि होडीतून कोणी हात हलवला तर उलट हात हलवून पुढे जाऊ नका, तो हात कोणत्या बाजूला चाललाय ते बघा आणि त्या बाजूने जा. विजयदुर्गाच्या अलीकडे तसे दोन हात दिसले. दोन्ही वेळा आम्ही गियर न्यूट्रलला टाकला, दाखवलेल्या बाजूला वळलो आणि निशाण मागे पडेपर्यंत शिडावरच राहिलो.