फेट्याचे टोक आणि डेमोदराचा बोगदा

श्रीलंकेतल्या एल्लाहून बदुल्लाकडे निघालेली गाडी डेमोदराला थांबते, तेव्हा पुढे ज्या बोगद्यातून तिला जायचे असते तो बरोबर स्थानकाच्या पोटाखाली असतो. मी तिथे मुद्दाम उतरलो आणि गाडी जाऊ दिली. चहाच्या मळ्यांत ती दिसेनाशी झाली, डोंगराला वळसा घालून काही मिनिटांनी तिची धडधड भलत्याच दिशेने येऊ लागली, आणि मग मघाशी माझ्यासमोर उभे असलेले तेच डबे फलाटाखालून निघून गेले.

कारण साधे आहे. या मार्गावर चढ-उतार साधारणपणे 44 फुटांना 1 फूट याहून तीव्र ठेवलेला नाही, त्यामुळे डोंगर एकदम उतरत असेल तर रुळांची लांबी वाढवण्यावाचून गत्यंतर नसते. आपल्या बोरघाटात 1863 साली गाडी खंडाळ्याजवळ थांबवून उलट दिशेने हाकण्याची सोय केली होती. इथे मात्र रूळच गोल फिरवून स्वतःखालून नेले. ब्रिटिशांनी कोलंबोहून डोंगरात रेल्वे आणली ती कॉफीसाठी. पुढे रोगाने कॉफी बुडाली, चहा आला, आणि 1924 साली रूळ बदुल्ल्याला पोहोचले.

ही युक्ती विमलसुरेंद्र या अभियंत्याला मळ्यावरच्या कंगाण्याचा, म्हणजे मुकादमाचा, फेटा पाहून सुचली, अशी आख्यायिका तिथे सांगतात. डोकेफोड करूनही मार्ग सापडेना, तेव्हा समोरचा कंगाणी फेटा सोडून पुन्हा बांधू लागला म्हणे. दार्जिलिंगच्या गाडीला असे वळसे त्याच्या कितीतरी आधीपासून होते, तेव्हा अभियंत्याला फेट्याची गरज पडली असेल असे मला वाटत नाही. तरीही ही गोष्ट सोडवत नाही.

याचे कारण आमचे आजोबा. बाजाराच्या दिवशी ते ओसरीवर उभे राहून, आरशाशिवाय, फेटा बांधत. कापडाचे एक टोक दातांत धरलेले, दुसरे डोक्याभोवती फिरत असलेले. आणि शेवटी उरलेले टोक ते आधीच्या पिळाखाली बोटाने अलगद सारत. त्या टोकासाठी पिळाखाली जेवढी जागा लागे, तेवढाच तो डेमोदराचा बोगदा.